रुमालाखाली बैल

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत बैल विकत घेणारा माणूस बघा. आधी तो बैलाचा जबडा उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते बघतो. मग खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलतो, चालवून बघतो, वळवून बघतो. हे सगळं भर बाजारात, दहा अनोळखी माणसं मत देत असताना. दर मात्र जुन्या रीतीने रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि गिऱ्हाईक बोटं दाबून आकडा सांगायचे, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही. त्यावर कुणाची तक्रार नसायची. आकडा झाकलेला असला तरी बैल उघड्यावर उभा असायचा.

सरकार पोलिसासाठी बुलेटप्रूफ जाकीट घेतं तेव्हा बैलसुद्धा रुमालाखाली असतो.

आपल्याकडे हा विषय कुणी काढत नाही. निविदा म्हटलं की शहापूर-मुरबाडला रस्ता आठवतो, नळपाणी योजना आठवते, पाण्याचा टँकर आठवतो. भातसा, तानसा, वैतरणा आपल्याकडची, मुंबईला पाणी आपल्याकडून जातं आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच पाड्यांवर येतो. त्यामुळे कोणता ठेका कुणाला गेला आणि का गेला, यावर चहाच्या टपरीवर तासभर बोलणारी माणसं गावोगाव आहेत. पण शस्त्रं, चिलखतं, हेल्मेट यांचा ठेका म्हटला की तीच माणसं गप्प होतात. ते देशाच्या सुरक्षेचं, आपण काय बोलणार!

बोलायला हवं ते आपणच. किन्हवलीच्या, सरळगावच्या रस्त्यावर पहाटे पाचला धावणारी पोरं बघा. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला सैन्यात. सोळाशे मीटर, गोळाफेक, छातीचं माप, सगळ्याची तयारी चाललेली असते. सरकार त्या पोराची छाती सेंटिमीटरमध्ये मोजतं. त्या छातीवर उद्या जे चढणार ते कुणी मोजलं, कधी मोजलं आणि मोजल्यावर काय निघालं, हे मात्र ना त्या पोराला विचारता येतं, ना त्याच्या आईला.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हेमंत करकरे हेल्मेट घालताना, जाकीट चढवताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. थोड्या वेळाने कामा रुग्णालयाच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे हातात काठी घेऊन एके-४७ समोर गेले. टर्मिनसवरच्या कित्येक पोलिसांकडे पॉइंट थ्री नॉट थ्रीच्या जुन्या रायफली होत्या, काहींकडे तेवढंही नव्हतं.

नंतर कविता करकरे यांनी एक साधा प्रश्न विचारला. माझ्या नवऱ्याच्या अंगावरचं जाकीट कुठे आहे? उत्तर आलं की सापडत नाही. पुढे सांगण्यात आलं की रुग्णालयातल्या सफाई कामगाराने ते कचऱ्यात टाकलं. मग मुंबईच्या एका माहिती अधिकार कार्यकर्त्याने ती जाकिटं ज्या खरेदीतून आली त्या खरेदीची फाइल मागितली. तर फाइलही गहाळ! जाकीट गेलं, कागदही गेला. कविताताई २०१४ साली गेल्या.

जाकीट चांगलं होतं की वाईट, यावर मी निकाल देत नाही. करकरेंना गोळ्या जाकिटाने झाकलेल्या भागावर लागल्या की उघड्या भागावर, यावर पुष्कळ वाद झाले. मुद्दा असा की तो वाद मिटवू शकणाऱ्या दोनच वस्तू होत्या, जाकीट आणि फाइल, आणि मागितल्या तेव्हा त्या दोन्ही हजर नव्हत्या. ठेका कुणाला दिला, कोणत्या चाचणीवर दिला, कुणी सही केली, हे विचारायची वेळ एका विधवेवर आली. तेही सहा-सात वर्षं जुन्या खरेदीबद्दल, सगळं होऊन गेल्यावर.

आता पुढचं बघा. २६/११ नंतर नऊ वर्षांनी, २०१७ साली, महाराष्ट्र पोलिसांसाठी मागवलेल्या ५,००० जाकिटांची बातमी आली. ऑर्डर १७ कोटींची. कानपूरच्या कंपनीकडून ४,६०० आली. पोलिसांनी त्यांच्यावर एके-४७ झाडून बघितली आणि १,४३० जाकिटं परत पाठवली.

ही बातमी तेव्हा बहुतेकांनी घोटाळा म्हणून वाचली. मला ती वाचून बरं वाटलं. कुणीतरी बैलाचा जबडा उघडला होता! परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांचा सत्कार व्हायला हवा होता, तो झाल्याचं माझ्या वाचनात नाही. पण त्याच बातमीतला एक प्रश्न अजून मला सोडत नाही. ठेका देण्याआधी नमुना तपासतातच. नमुना पास झाला म्हणून तर ऑर्डर मिळाली. मग नमुना पास आणि मालातली जवळपास तिसरी वस्तू नापास, हे कसं? नमुना वेगळा होता, की मधल्या काळात माल बदलला, की नमुन्याची चाचणी वेगळ्या गोळीने झाली? हे विचारायचा हक्क कुणाचा?

गोळीचा फरक मोठा असतो. पिस्तुलाची गोळी जाकिटातल्या कापडी थरांत अडकते. एके-४७ ची गोळी अडवायला पुढे कडक पत्रा लागतो, सिरॅमिकचा किंवा तत्सम. त्यातही गोळीच्या पोटात मऊ पोलाद आहे की कडक पोलाद, यावर पत्र्याचं भवितव्य ठरतं. ‘एके-४७ रोखते’ एवढंच निविदेत लिहिलं, तर मऊ पोलादाची गोळी रोखणारं जाकीट कागदावर पास आणि मैदानात नापास होऊ शकतं. निविदेतल्या एका विशेषणावर माणूस जगतो किंवा मरतो. आणि हे विशेषण तपासून घ्यायचं भारताचं स्वतःचं मानक, आयएस १७०५१, आलं २०१८ साली, म्हणजे २६/११ नंतर दहा वर्षांनी. लष्कराच्या १,८६,१३८ जाकिटांच्या मागणीला २००९ मध्ये मान्यता मिळाली आणि करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटींचा.

हिशेब करून बघितला. महाराष्ट्र पोलिसांचं जाकीट साधारण ३४ हजारांना पडलं. लष्कराचंही ३४ हजारांच्या थोडं वर. म्हणजे रुमालाखालचा आकडा आपल्याला बातम्यांतूनच कळला, भागाकार पाचवीतला पोरगाही करेल. कळलं नाही ते बैलाचं. चाचणीचा अहवाल कुठेच लागलेला नसतो.

मग ठेक्याला आव्हान द्यायचं कुणी?

समजा, मुरबाडच्या एमआयडीसीतला एखादा छोटा कारखानदार आहे. पंधरा कामगार, दोन मशीन, हेल्मेटचे भाग बनवतो. निविदा भरली. पहिला लिफाफा तांत्रिक, दुसरा दराचा. पहिल्याच लिफाफ्यात त्याला बाद केलं, दुसरा उघडलाच नाही. कारण म्हणून एक ओळ: ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’. आता त्याने काय करायचं? केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत लिहिलंय की बोलीदाराला अटींवर, प्रक्रियेवर आणि स्वतःला बाद करण्यावर प्रश्न विचारता यावा, तशी तरतूद निविदेतच असावी. तो प्रश्न विचारतो. उत्तर देतो तोच अधिकारी, ज्याने त्याला बाद केलं. तोपर्यंत पुरवठा आदेश निघालेला असतो. राहिलं उच्च न्यायालय. मुरबाडला रेल्वे नाही, एसटीने कल्याण, तिथून लोकलने मुंबई आणि मग वकील. एका तारखेत त्याचा आठवड्याचा नफा जातो. आणि हरला तर पुढच्या निविदेत ‘हा कोर्टात जाणारा’ असा शिक्का कागदावर नसला तरी डोक्यात बसतो. बहुतेक जण घरी बसतात.

कोर्टात गेला तर काय होतं, हे सांगणारा जुना खटला आपल्या मुंबईचाच आहे. विमानतळावरचं एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायचा ठेका होता. निविदेत अट होती, पाच वर्षं अनुभव असलेला नोंदणीकृत दुय्यम श्रेणीचा हॉटेलचालक हवा. ठेका मिळाला तो त्या अटीत न बसणाऱ्याला. १९७९ साली रमण दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने स्वतः जाहीर केलेली अट सरकारलाच मोडता येणार नाही. सरकारी ठेका ही खाजगी मेहेरबानी नव्हे. देशभर आजही वकील हा निकाल दाखवतात. पण त्याच निकालात याचिका फेटाळली गेली. याचिकादार उशिरा आला, त्याने स्वतः निविदाच भरली नव्हती, आणि ठेकेदाराने तोवर खर्च करून उपाहारगृह उभं केलं होतं. तत्त्व जिंकलं आणि ठेका होता तिथेच राहिला.

१९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यापासून न्यायालयाने आपली रेघ आणखी पक्की आखली. न्यायाधीश निर्णय तपासणार नाहीत, निर्णय कसा घेतला ते तपासतील. २००७ च्या जगदीश मंडल निकालात सांगितलं की हरलेल्या बोलीदाराच्या दुखावलेल्या अभिमानासाठी आम्ही बसलेलो नाही. मनमानी झाली का आणि जनहिताला धक्का लागला का, एवढं बघू. २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यात तर स्थगितीपेक्षा नुकसानभरपाईकडे वळा, असा कल दिला. रस्त्याच्या कामासाठी मला हे पटतं. प्रत्येक हरलेला ठेकेदार स्थगिती आणत बसला तर शहापूर-मुरबाड रस्ता माझ्या नातवंडांच्या काळातही पुरा व्हायचा नाही. पण जाकिटाच्या बाबतीत नुकसानभरपाई कुणाला देणार? हरलेल्या कारखानदाराला पैसे देऊन तो मिटेल. ज्याच्या छातीवर नापास पत्रा लागला त्याचं काय?

माझं म्हणणं इथेच आहे. आपल्या व्यवस्थेत ठेक्याविरुद्ध उभं राहायची हक्काची जागा फक्त हरलेल्या व्यापाऱ्याला आहे. जो ती वस्तू अंगावर घालून गोळीसमोर जाणार, त्याला जागा नाही. शिपायाला नाही, जवानाला नाही, त्यांच्या घरच्यांना नाही. खरेदीचा सगळा कायदा विकणारा आणि विकत घेणारा या दोघांत रंगतो. वापरणारा त्यात कुठेच नाही.

नागरिक म्हणून गेलात तर? राफेल घ्या. १२६ विमानांची जुनी निविदा बाजूला पडली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी ३६ विमानांचा करार झाला. त्याला आव्हान देणाऱ्यांत माजी मंत्री होते, नामांकित वकील होते. सरकारने किमतीची माहिती न्यायालयाला बंद लिफाफ्यात दिली. समोरच्या पक्षाला तो लिफाफा दिसला नाही, त्यामुळे त्यावर काही म्हणताही आलं नाही. १४ डिसेंबर २०१८ ला याचिका फेटाळल्या गेल्या आणि निकालात एक वाक्य उमटलं की किमतीबाबतचा कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे. तोवर असा अहवाल आलेलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी सरकारला दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. कॅगचा अहवाल संसदेत आला फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि त्यातही किमतीचे आकडे झाकलेले. राफेल विमान चांगलं आहे की नाही, हा माझा प्रश्नच नाही. हवाई दलाला ते हवं होतं आणि ते आलं, याचा आनंद आहे. पण बंद लिफाफ्यातली चूक पकडायला लिफाफ्याबाहेर कुणी नव्हतं, हे त्या एका वाक्याने सगळ्यांना दाखवून दिलं. पुढे वृत्तपत्रात कागद छापून आले तेव्हा ते चोरीचे आहेत म्हणून बघूच नका, असं सरकारने म्हटलं. एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांनी ते म्हणणं एकमताने फेटाळलं. फेरविचाराचा अर्ज नोव्हेंबरात निकाली निघाला, करार तसाच राहिला.

गुप्तता हवीच. कोणत्या ठाण्यात किती जाकिटं आहेत, कुठल्या तुकडीकडे नाहीत, हे कुणी जाहीर मागू नये. मागितलं तर देऊ नये. पण जाकीट चाचणीत पास झालं की नापास, यातलं गुपित कुणापासून लपवायचं? शत्रूच्या हातात एके-४७ असते, तो गोळी झाडून बघतोच. अहवाल लपतो तो फक्त घालणाऱ्यापासून.

अमेरिकेचं एक उदाहरण देतो, कारण तिथेही पैसा आणि दडपण कमी नाही. २००८ च्या फेब्रुवारीत तिथल्या हवाई दलाने इंधन भरणाऱ्या १७९ विमानांचा ३५ अब्ज डॉलरचा ठेका नॉर्थरॉप आणि एअरबसच्या मूळ कंपनीला दिला. बोइंगने मार्चमध्ये आक्षेप घेतला. संसदेच्या हाताखालच्या लेखा कार्यालयाने शंभर दिवसांच्या आत सांगितलं की मूल्यमापनात चुका झाल्या आहेत. निविदा पुन्हा निघाली आणि २०११ मध्ये ठेका बोइंगला गेला. त्या विमानांना नंतर पुष्कळ अडचणी आल्या, म्हणजे आक्षेप घेणारा जिंकला की माल चांगलाच मिळतो असं नाही. पण वेळेत आक्षेप आला की काम थांबतं, आणि शंभर दिवसांत तिऱ्हाइताकडून उत्तर मिळतं. हे आपल्याकडे का नाही?

त्याहून जवळचं उदाहरण झायलॉनचं. जपानमध्ये बनणाऱ्या या धाग्याची जाकिटं अमेरिकी पोलिसांनी हजारोंनी घेतली. उष्णता आणि दमटपणा लागला की धागा कमजोर होतो, हे आतल्यांना कळत होतं. जाकीट बनवणाऱ्या कंपनीतल्याच एका संशोधकाने ते बाहेर आणलं. तो पूर्वी स्वतः पोलीस होता आणि जाकिटामुळेच एकदा वाचला होता. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात अशा जाकिटातून गोळी आरपार जाऊन एक पोलीस जखमी झाला, २००५ मध्ये त्या धाग्याची मान्यता काढली गेली, आणि धागा बनवणाऱ्या टोयोबो कंपनीने २०१८ मध्ये ६ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. तिथल्या कायद्यानुसार त्या संशोधकाला त्यातला वाटाही मिळाला. उष्णता आणि दमटपणा हे दोन शब्द पुन्हा वाचा. जुलै महिन्यात माळशेज घाटात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाला त्यांचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. अंगातून घाम, वरून पाऊस, आणि ठाण्यात परत आल्यावर जाकीट खुंटीला ओलंच लटकतं. चिलखताच्या मऊ थरांना कंपन्या साधारण पाच वर्षांची हमी देतात. हमी संपल्यावर ते पुन्हा तपासलं जातं की फक्त नोंदवहीत जमा दाखवलं जातं?

आपल्याकडे उपाय कुणाला सुचला नव्हता असंही नाही. १४ मे २०१२ ला लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक आलं. ठेक्यावरच्या तक्रारींसाठी स्वतंत्र समित्या त्यात होत्या. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयक मेलं, कुणी पुन्हा उभं केलं नाही. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये स्वतःचे खरेदी कायदे केले. महाराष्ट्र १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयावर आणि त्यातल्या नियमपुस्तिकेवर चाललाय. शासन निर्णय मंत्रालयात एका दुपारी बदलता येतो. कायदा बदलायला विधानसभेत उभं राहून बोलावं लागतं. म्हणून कायदाच हवा, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात. चाचणीचा अहवाल ठेका देण्याआधी प्रसिद्ध व्हावा. आक्षेपावर खरेदी करणाऱ्याने नव्हे, तिऱ्हाइताने ठराविक दिवसांत निर्णय द्यावा. आणि आक्षेप घ्यायचा हक्क वापरणाऱ्यालाही असावा, नाव न उघड करता, कारण वर्दीतला माणूस वरिष्ठाविरुद्ध नाव देऊन लिहू शकत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या आमदारांकडे माझी ही मागणी आहे.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे वकील. आजही दर वर्षी त्या दिवशी लोक डोंगर चढून तिथे जातात. त्यांच्या अंगावर चिलखत नव्हतं आणि ते कुणी देणारही नव्हतं, कारण समोर सरकारच होतं. आता सरकार आपलं आहे. पैसा आपला आहे, पोरगा आपला आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर माहिती अधिकार आहे. सुरक्षेचं कारण सांगून माहिती नाकारणारं कलम ८ त्यात आहे, आणि जनहित मोठं असेल तर माहिती द्या, असं सांगणारं त्याच कलमाचं दुसरं पोटकलमही आहे. ठाणे ग्रामीण पोलिसांसाठी मी अर्ज लिहून ठेवलाय. जाकिटं किती आणि कुठे आहेत, हे विचारलेलं नाही. विचारलंय ते एवढंच: सध्या वापरात असलेली जाकिटं कोणत्या वर्षी बनली, हमी कधी संपते, शेवटची गोळीची चाचणी कोणत्या तारखेला आणि कोणत्या गोळीने झाली, आणि तिचा निकाल काय. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. तो लावलाय. सोमवारी टाकतो. तीस दिवसांनी काय उत्तर येतं ते याच जागी छापेन, आणि आलं नाही तर तेही.